आभाराचं पान

६ ऑक्टोबर १९५८, सोमवार

आज परत आलेल्या एका पुस्तकात खूण म्हणून खारवलेल्या मांसाची पट्टी निघाली. तीस वर्षांत मी केसांच्या पिना, मासळीचे काटे आणि एकदा दातांची कवळीही काढलेली आहे, पण कोणाची अख्खी न्याहारी निघण्याची ही पहिलीच वेळ. पूर्वी हसले असते. आज पट्टी कागदात गुंडाळून मांजराला नेली आणि पुस्तक खिडकीत वाळत ठेवलं.

एडिंबराहून प्रकाशकाचं पत्र आलं. मुलांसाठी आपल्याकडच्या जुन्या बारा लोककथा नव्याने सांगायच्या असं ठरलं होतं. त्यातल्या आठ मी पाठवल्या. ते लिहितात, "कथा नीटनेटक्या आहेत, पण निजलेल्या वाटतात." राग यायला हवा होता, पण त्यांचं म्हणणं खरं आहे. आठही मी जुन्या पुस्तकांतून उचलल्या आणि इस्त्री करून ठेवल्या. उरलेल्या चार फेब्रुवारीपर्यंत द्यायच्या आहेत. मी अठ्ठावन्न वर्षांची. दोन वर्षांनी निवृत्त होईन आणि ब्रेकनी गाव मला पुस्तक उशिरा आणलं की डोळे वटारणारी बाई म्हणून आठवेल. एक पुस्तक तरी मागे राहावं एवढीच हाव आहे. पण पाय दुखतात, आणि संध्याकाळी लेखणीही जड होते.

दुपारी वाचनालय समितीचे अध्यक्ष मिस्टर डालगार्नो आले. त्यांचं कापडाचं दुकान आहे, त्यामुळे माणसाकडेही आधी माप घ्यावं तसे बघतात. "मिस गेडिस, शनिवारी मुलांना गोष्टी सांगता ते ठीक. पण बुटांचा चिखल किती होतो!"

"झाडायला मिसेस रीड आहेत ना," मी म्हणाले.

मिसेस रीड मागे लादी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

गोष्टीचा तास. केसाळ्याची गोष्ट सांगितली. घरात लपून राहणारा, रात्री सगळ्यांची कामं उरकणारा तो अंगभर केसांचा बुटका. सव्वीस मुलं होती, त्यातली चार झोपली.

मुलं गेल्यावर मिसेस रीड झाडू घेऊन पुढे आल्या. एकोणीस वर्षं त्या इथे झाडतात. त्यांनी मला "बरं, मिस" आणि "नाही, मिस" यापलीकडे काही म्हटल्याचं आठवत नाही. आज म्हणाल्या, "राग मानू नका मिस, पण तुमचा केसाळ्या शाळामास्तर वाटतो."

"म्हणजे?"

"फार शहाणं बोलतो. तो बोलतच नाही मुळी. अंगणात गवत हललं की समजायचं, आला."

आणि झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकून त्यांनी गोष्टच सांगितली. आधी म्हणाल्या, "ही माझ्या आजोबांची, सँडीची. त्यांना त्यांच्या मावशीनं दिली." गिरणीवर एक विधवा बाई राहायची. केसाळ्या रात्री तिचं धान्य दळायचा. ती चुलीच्या दगडावर वाटीभर साय ठेवून झोपायला जायची. कोणासाठी ते बोलायचं नाही, आभार मानायचे नाहीत, बघायचं नाही. एकदा बर्फात तिनं त्याला दारातून चोरून पाहिलं. ओला, उघडा, कुडकुडत होता. तिच्या पोटात तुटलं. तिनं सदरा शिवला, टोपी शिवली, वाटीशेजारी ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, "घे रे बाबा, एवढं करतोस आमच्यासाठी!" त्यानं सदरा घातला, रडला, आणि ओढ्याच्या कडेनं डोंगरात निघून गेला.

"आणि मग?"

"मग काय? बाईनं स्वतः दळलं."

मी घरी येईपर्यंत मिसेस रीडचं एकेक वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं. हातमोजे न काढताच लिहायला बसले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मिसेस रीडकडून दोन गोष्टी आणखी मिळाल्या. प्रत्येक गोष्टीआधी ती कोणाची हे सांगतात: ही आत्याची, ही एका आंधळ्या बॅगपाईप वाजवणाऱ्याची, देव त्याला सुखात ठेवो. नाव घेतल्याशिवाय गोष्ट सुरूच करत नाहीत. आमच्या विद्वान मंडळींनी हे शिकायला हवं.

एक गंमत लिहून ठेवते. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "मिसेस रीड, हा जॅम लावलेला स्कोन तुमच्यासाठी, इतक्या छान गोष्टीबद्दल." तो गोडसर छोटा पाव तीन दिवस तिथेच वाळला. नंतर मी अर्धा स्कोन शेगडीच्या कडेला बशीखाली "विसरून" जायला लागले. सकाळी बशी धुतलेली असते. दोघी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. बायका आणि त्यांचे मानपान!

त्यांची मुलगी नॅन डालगार्नोंच्या दुकानात शिवणकाम करते. मुलगी चुणचुणीत आहे, आणि तिचं त्यांच्याच मुलाशी, रॉबिनशी, लग्न ठरलं आहे, ऑगस्टमध्ये. डालगार्नो आनंदात नाहीत म्हणे. झाडणारीची मुलगी! पण मुलापुढे त्यांचं चाललं नाही. मिसेस रीड मात्र हे सांगताना दहा वर्षांनी लहान दिसल्या. "माझं काय मिस, पोरीला चार पक्क्या भिंती मिळाल्या की मी सुटले. तिचं नाव एकदा त्यांच्या नावात मिसळलं की झालं."

९ डिसेंबर, मंगळवार

थंडी आणि कंटाळा. शेगडी धुरकटते. डालगार्नो पेपर वाचायला आले होते. गावाबाहेरच्या कुरणावर टिंकर लोकांनी पालं ठोकली होती, पत्र्याची भांडी करत फिरणारे ते. पोलिसाला सांगून त्यांना रातोरात हाकललं, असं मोठ्या फुशारकीनं सांगत होते. "दोरीवरचे कपडे सांभाळा, मिस गेडिस. कोंबड्या सांभाळा."

"माझ्याकडे कोंबड्या नाहीत," मी म्हणाले.

तेवढ्यात मागे मिसेस रीडच्या हातून बादली सुटली आणि पाणी इतिहासाच्या कपाटापर्यंत गेलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांची तब्येत बरी नसावी, चेहरा पांढराफटक झाला होता. बादलीचा तळ फुटला. मी म्हटलं नवी मागवू, तर संध्याकाळच्या आत त्यांनी तीच दुरुस्त करून आणली. असं सफाईदार डागकाम शहरातल्या दुकानातही होत नाही. कोणाकडून करून घेतलं विचारलं तर म्हणाल्या, "असंच, मिस."

२ जानेवारी १९५९, शुक्रवार

वाचनालय बंद होतं, पण मी टंकलेखन करायला आले. घरी तरी कोण आहे? आई जाऊन चार वर्षं झाली. नवं वर्ष असं एकटं उगवलं की उगवलं काय, न उगवलं काय.

अकराच्या सुमाराला मिसेस रीड आल्या, फडक्यात गुंडाळलेला मनुक्यांचा काळा केक घेऊन. मी चहा टाकला. त्यांनी दाराची कडी लावली, मग परत उठून कडी नीट लागली का ते पाहिलं. वारा फार होता.

मी सहज म्हणाले, "तुमच्या आजोबांना एवढ्या गोष्टी येत, ते करत काय?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मिस, चाळीस वर्षांची होईतो मी पलंगाला पाठ टेकली नव्हती."

आणि सगळं सांगितलं. माहेरचं नाव मॅकफी. वडील डोनाल्ड मॅकफी पत्र्याचं काम करायचे, शिंगाचे चमचे करायचे, उन्हाळ्यात नदीत मोती शोधायचे. स्वतः पालात जन्मल्या, बर्फात. नवरा रीड, युद्धात गेला. नॅन सहा वर्षांची. अधिकारी येऊन म्हणाले, पोरीला एका जागी शाळेत घाल, नाहीतर आम्ही नेतो. त्यांच्या बहिणीची दोन पोरं तशी नेली होती, ती पुन्हा दिसली नाहीत. तेव्हा पाल विकलं, घोडी विकली आणि या गावात बेकरीमागची खोली घेतली. "एकोणीस वर्षं झाली. खिडकी अजून उघडी ठेवूनच झोपते. छत छातीवर येतं."

मी थक्क होऊन ऐकत होते. माझ्या शेगडीशेजारी, माझ्या झाडूसकट, इतकी वर्षं हा खजिना होता! आणि मी आपली पुस्तकं धुंडाळत बसले होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुलाच सांगितलं, पोरी." माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि मला पोरी म्हणते. मला रडूच आलं. मला पोरी म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

१७ जानेवारी, शनिवार

मुलं गेल्यावर चारही गोष्टी बेलला वाचून दाखवल्या. (आता ती मला पोरी म्हणते, तर मी मिसेस रीड किती दिवस म्हणणार?) डोळे मिटून ऐकते आणि जिथे खोटं असेल तिथे बोट वर करते. बोट सात वेळा वर गेलं. सगळं बदललं, एक सोडून.

केसाळ्याचा शेवट मी जरा गोड केला आहे. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी वाटी रिकामी दिसते आणि पीठ दळलेलं असतं. प्रकाशकांनीही तसंच सुचवलं.

"तो येत नाही," बेल म्हणाली.

"अगं, मुलं रडतील."

"रडू देत. रडली की ध्यानात राहतं. तो येत नाही, पोरी. येत असता तर ती गोष्ट कशाला सांगितली असती?"

मी म्हटलं बघते. पण बदलणार नाही. एवढ्या थंडीत कोणी तरी परत आलेलं बरं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हस्तलिखित गेलं. सोबत मी स्वतःहून एक पान जोडलं, अगदी सुरुवातीला. रात्रभर कूस बदलत होते, पण सकाळी एका बैठकीत उतरलं. आठवणीला इथे लिहून ठेवते:

"या गोष्टी माझ्या नाहीत. यांतल्या उत्तम त्या ब्रेकनी गावच्या बेल रीड यांच्या. त्या फिरस्त्या मॅकफी घराण्यातल्या. पत्र्याचं काम करणाऱ्या डोनाल्ड मॅकफी यांची ही लेक पालात जन्मली आणि पालातच या गोष्टी शिकली. ज्यांना आपण वेशीवरून हाकलतो, त्यांनीच आपलं हे धन सांभाळलं आहे. त्यांचे आभार मानायला शब्द नाहीत."

तीस वर्षांत मी काही खरं लिहिलं असेल तर हे. बेल प्रत्येक गोष्टीआधी नाव घेते, मग माझ्या पुस्तकात तिचं नाव आधी नको? तिला अजून सांगितलेलं नाही. प्रकाशकांना कळवलं की पुस्तक ऑगस्टच्या आत हवं, एका लग्नात भेट द्यायचं आहे. नॅन आपल्या आईकडे वेगळ्याच नजरेनं बघेल. आणि रॉबिनला काय, माहीत असेलच. हल्लीची मुलं एकमेकांपासून काही लपवत नाहीत.

८ जून, सोमवार

पुस्तकं आली! सहा प्रती. मुखपृष्ठावर गिरणी, ओढा, चुलीजवळ वाटी. मी शाईचा वास घेत उभी राहिले आणि एक म्हातारा वर्गणीदार बराच वेळ खाकरत होता, तो ऐकूच आला नाही.

बेलला तिची प्रत निळ्या कागदात बांधून दिली. ती चित्रांवरून बोट फिरवत राहिली. "ही वाटी फार मोठी काढलीय," एवढंच बोलली. पण डोळे पाणावले होते. तिला वाचायला वेळ लागतो. मी म्हटलं, "पहिलं पान नॅनकडून वाचून घे. मोठ्यानं."

मिस्टर डालगार्नोंनी समितीपुढे ठेवायला एक प्रत मागितली. मी माझ्या हातानं दिली, वर सही करून.

१२ जून, शुक्रवार

कसं लिहू?

समितीची सभा होती. डालगार्नोंनी कौतुकानं पुस्तक उघडलं. "गावाचं नाव छापून आलं आहे," म्हणाले आणि आभाराचं पान मोठ्यानं वाचायला लागले. "पालात जन्मली" पर्यंत आले आणि थांबले. पुढचं ओठांतच वाचलं. चष्मा काढला. मग टोकाला बसलेला कोणी तरी हसत म्हणाला, "डालगार्नो, लग्नाच्या जेवणानंतर चमचे मोजून घ्या बरं का!"

मी ताडकन उठले. त्या लोकांचं आपल्यावर किती ऋण आहे, लाज वाटायला हवी, वगैरे बरंच बोलले. छान बोलले. डालगार्नोंनी शांतपणे टोपी उचलली.

"मिस गेडिस, त्या मुलीनं हे माझ्या मुलाला सांगितलेलं नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोनदा तपासलेली कडी, सुटलेली बादली, "तिचं नाव त्यांच्या नावात मिसळलं की झालं", सगळं एकदम. मी खुर्चीत बसले.

१३ जून, शनिवार

सकाळी दाराच्या फटीतून आत टाकलेली झाडूवालीची किल्ली जमिनीवर पडली होती. लाद्या कालच्याच. मुलं आली. मी काय सांगितलं ते आठवत नाही.

मुलं गेल्यावर नॅन आली. टेबलासमोर उभी राहिली, बसली नाही.

"तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"नॅन, मला वाटलं..."

"पहिलं पान मोठ्यानं वाच म्हणालात ना? वाचलं. काल संध्याकाळी आई भाकरी थापत होती. तिचे हात तसेच पिठात राहिले." ती टेबलावर वाकली. "एकोणीस वर्षं तिनं मान खाली घालून तुमची घाण पुसली, मिस. का? कोणी मान वर करून बघू नये, ही कोणाची म्हणून विचारू नये, म्हणून. शाळेत मुलं कल्हईवाली म्हणतील म्हणून मी मैत्रीण केली नाही. आणि तुम्ही छापून टाकलंत. वर सही करून दिलीत."

"मी मान म्हणून लिहिलं. ती नेहमी आधी नाव घेते, कोणाची गोष्ट ते..."

"पालात घेते! तिथं ऐकणारे आपले असतात."

मी विचारलं, "रॉबिन काय म्हणतो?"

"वडिलांशी बोलून सांगतो म्हणाला." ती हसली, ते हसू बघवलं नाही. "मी अंगठी त्यांच्या गल्ल्यावर ठेवून आले. सुटे पैसे परत नकोत म्हटलं."

दारात पोचून म्हणाली, "आई म्हणते, मिसवर रागावू नकोस, ती भोळी आहे. पण मी रागावलेय. तुम्ही भोळ्या नाही. तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत."

२० जून, शनिवार

बेकरीमागची खोली रिकामी आहे. खिडकी उघडी होती. बेकरीवाली म्हणाली, कुठे गेल्या ते सांगून गेल्या नाहीत, आणि बाई, बरंच झालं.

आठ दिवस शेगडीच्या कडेला बशीखाली अर्धा स्कोन ठेवत होते. आठही मीच चिमण्यांना घातले. आज लाद्या स्वतः पुसल्या. गुडघ्यावर बसून इतिहासाच्या कपाटापर्यंत आले आणि तिथेच बसून राहिले. ही बाई साठाव्या वर्षी हे रोज करत होती आणि वर मला गोष्टी देत होती.

२९ जून, सोमवार

मागच्या आठवड्यात एडिंबरातल्या एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं. "आभाराचं पान विशेष हृद्य," असं लिहिलं आहे. प्रकाशक खूष. मी त्यांना लिहिलं की पुढच्या आवृत्तीत ते पान काढा आणि केसाळ्याचा शेवट बदला, तो परत येत नाही. उत्तर आलं: पान ठेवूच, त्याचंच कौतुक होतं आहे, आणि शेवट मुलांना आवडतो.

हात दाखवून अवलक्षण. आता माझ्या हातात काही राहिलं नाही. फार थकले आहे.

१८ जुलै, शनिवार

गोष्टीचा तास रद्द केला. तीस वर्षांत पहिल्यांदा. दारावर "तब्येत बरी नाही" अशी चिठ्ठी लावली, आणि ती खोटी नव्हती.

जुलैमध्ये फिरस्ते रास्पबेरी वेचायला कुठे जमतात ते जगाला माहीत आहे. दोन बस बदलल्या. मळ्याच्या कडेला चाळीसेक पालं, धूर, कुत्री, भांडणं. ओळींमधून बायका वाकून वेचत होत्या. मला बघून एक ओरडली, "बाई, हातमोजे घालून वेचणार का? फळं लाजतील!" सगळ्या हसल्या. मी हातमोजे काढून खिशात घातले.

बेल टोकाच्या ओळीत होती, कमरेला बादली बांधलेली, बोटं लाल. ती मला उन्हात काळवंडलेली आणि, खरंच सांगते, तरुण दिसली. मी वाटभर घोकलेलं सगळं विसरले.

"आलीस?" ती म्हणाली. "ओळ संपू दे."

ती ओळ संपवेपर्यंत मी उभी राहिले. मग तिच्यामागून पालापर्यंत गेले. तिथे विस्तवाभोवती दहाबारा माणसं बसली होती, दोन म्हाताऱ्या, बाकी पोरंबाळं. नॅन पाण्याची किटली ठेवत होती. मला पाहून ती उठली आणि रिकामी कळशी घेऊन ओढ्याकडे निघून गेली.

मी म्हणाले, "बेल, मी माफी..."

"ते राहू दे." तिनं मला एक खोकं सरकवलं. "इथं माफी देत नाहीत, घेत नाहीत. विस्तवाशी बसलं की गोष्ट द्यावी लागते. पाहुणा रिकाम्या हातानं बसत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शनिवारी सव्वीस मुलांपुढे मला कधी घाम फुटला नव्हता, तो इथे फुटला. ऊन अजून डोंगरावर होतं. मी हात मांडीवर ठेवले.

"ही बेल मॅकफीची," मी म्हणाले. "तिला तिच्या आजोबांनी दिली, सँडीनं. त्यांना त्यांच्या मावशीनं."

म्हाताऱ्या दोघींनी माना डोलावल्या. "सँडी," त्यातली एक पुटपुटली, "देव त्याला सुखात ठेवो." बेल विस्तवाकडे बघत होती.

मी सांगितली. इस्त्री न करता सांगितली. केसाळ्याला बोलू दिलं नाही, फक्त गवत हललं. वाटी लहान ठेवली. बाईच्या पोटात तुटलं तिथेही मी थांबले नाही. तिनं सदरा शिवला, टोपी शिवली, आणि मोठ्यानं आभार मानले. तो रडला. ओढ्याच्या कडेनं डोंगरात गेला.

एक लहान मुलगी आईच्या मांडीवरून म्हणाली, "मग परत कधी आला?"

मी बेलकडे पाहिलं. ती काठीनं निखारे सारत होती. "माझ्याकडे काय बघतेस? तू सांगतेयस ना."

"नाही आला," मी म्हणाले. "कधीच नाही."

"मग त्या बाईनं काय केलं?"

"स्वतः दळलं."

मुलीचा ओठ वाकडा झाला आणि ती रडायला लागली. बेलनं एकदाच, हळू, मान डोलावली. आज तिचं बोट वर गेलं नाही.

नॅन ओढ्यावरून परत आली होती. कधी आली आणि कुठपासून ऐकत होती, ते मला माहीत नाही. ती किटलीशी वाकली, सगळ्यांना चहा दिला, ज्याच्या त्याच्या हातात, नाव घेऊन, थट्टा करत. माझ्याकडे वळली नाही. सगळ्यात शेवटी एक पत्र्याचा कप भरला आणि माझ्या खोक्याशेजारी जमिनीवरच्या एका सपाट दगडावर ठेवला. कोणासाठी ते बोलली नाही. पाठ फिरवून आपल्या आईशेजारी जाऊन बसली.

मी जराशानं कप उचलला आणि प्यायले. आभार मानले नाहीत.